जय भीम: राहिला असेल तर या आठवड्यात बघाच

पिक्चर तमिळ आहे, 2021 चा, प्राइमवर हिंदीत पण मिळतो. मी परवा दुसऱ्यांदा बघितला. अमळनेरकडे आमच्या घरी कापूस वेचून सगळे दमून आलेले, तरी पावणेतीन तास कोणी जागचं हललं नाही. शेतावर कामाला येणारे पारधी वस्तीवरचे एक दादा पण बसले होते.

सुरुवातच अशी आहे की जेलमधून सुटलेली माणसं दारात उभी आहेत आणि त्यांना एकेकाला जात विचारतात, काहींना घरी जाऊ देतात आणि बाकीच्यांना बाजूला काढतात, कारण पोलिसांना जुन्या न उलगडलेल्या केसमध्ये अडकवायला कोणीतरी पाहिजे असतं. दादांच्या हातातली शेंग हातातच राहिली. म्हणाले, "हाई ते आठलंच शे भाऊ," म्हणजे हे तर इथलंच आहे. त्यांना लहानपणापासून माहितीये, गावात चोरी झाली की गाडी आधी वस्तीवर येते. इंग्रजांनी 1871 ला कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, तो कायदा जाऊन 1952 पासून इतकी वर्षं झाली पण डोक्यातून गेला नाही.

स्टोरी 1990 च्या दशकातल्या खऱ्या केसवर आहे. साप पकडणारा, वीटभट्टीवर राबणारा राजाकन्नू दागिने चोरीच्या खोट्या आळात सापडतो, मग पोलीस सांगतात तो कोठडीतून पळून गेला. त्याची बायको सेंगेनी वकील चंद्रूकडे जाते आणि तो हेबियस कॉर्पस टाकतो, म्हणजे माणूस कोर्टासमोर हजर करा. चंद्रू पण खरे आहेत, पुढे मद्रास हायकोर्टात जज झाले. चंद्रू झालेला सूर्या मस्तच, पण त्याची स्लो मोशनमधली एन्ट्री वगैरे मला नको वाटली. पिक्चर खरा सेंगेनी झालेल्या लिजोमोल जोसचा आहे. वरून हुकूम येतो की हिला मानाने घरी सोडा, आणि ती जीपमध्ये बसत नाही, सरळ चालत सुटते, आणि जीप तिच्यामागे पायी चालल्यासारखी हळूहळू येते, आतले पोलीस बस बस म्हणून विनवतायत. आई रडली तिथं.

मारहाणीचे सीन फार लांब आहेत, लहान पोरांना दाखवू नका.

आणि हे तमिळनाडूचं आहे असं समजू नका. आपल्या शेजारी नाशिकला 2003 च्या दरोडा-खुनाच्या केसमध्ये भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना धरलं, 2009 ला सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली, आणि 2019 ला त्याच कोर्टाने निर्दोष सोडलं. साक्षीदार बाईने आधी फोटोंमधून वेगळेच चार जण ओळखले होते, त्यांची चौकशीच झाली नव्हती! या सहा मजुरांतला एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षं आत गेली, कोर्टाने प्रत्येकी 5 लाख द्यायला लावले. सोळा वर्षांत पोरं मोठी होतात, आईबाप जातात, पाच लाखांत त्यातलं काय परत येतं?

हिंदी डबिंग ठीक आहे, ओठ जुळत नाहीत पण दहा मिनिटांत विसरायला होतं. येत्या रविवारी आम्ही वस्तीवर पडद्यावर लावतोय, प्रोजेक्टर मित्राचा, आणि ज्यांना हिंदी कळत नाही त्यांना दादा आणि मी मधे मधे अहिराणीत सांगत जाणार.