केनाइन्स फॉर वॉरियर्स: माजी सैनिकांना सोबती मिळवून देणारी सेवा

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात शॅरी डुव्हाल यांनी २०११ मध्ये माजी सैनिकांना शिकवलेले कुत्रे देणारी ही संस्था स्थापन केली. इराकहून परतलेल्या त्यांच्या मुलाला युद्धाच्या मानसिक आघाताने ग्रासले होते आणि कुत्र्याच्या सोबतीने त्याला उतार पडत असल्याचे त्यांनी पाहिले होते. संस्थेचे बहुतेक कुत्रे बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यांतून येतात, काही महिने शिकवले जातात आणि मग सुमारे तीन आठवड्यांच्या निवासी वर्गात माजी सैनिकासोबत जोडी जमवतात. सैनिकाकडून यासाठी एक पैसाही घेतला जात नाही.

प्रशिक्षणातील सर्वांत मोलाचा भाग मला कसरतींपेक्षा सावधपणाचा वाटतो. गर्दीत मालकाच्या पाठीशी उभे राहून मागची बाजू राखणे, दुःस्वप्नातून त्याला जागे करणे, घबराट वाढू लागताच अंगाशी येऊन लक्ष वेधणे, ही कामे कुत्रा शिकतो. पर्ड्यू विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, याच संस्थेचे कुत्रे मिळालेल्या सैनिकांमध्ये प्रतीक्षायादीतील सैनिकांपेक्षा आघाताची लक्षणे कमी आढळली. अर्थात नेहमीच्या उपचारांना हा पर्याय नव्हे, जोड आहे.

उणिवाही आहेत. प्रतीक्षा करावी लागते, आणि भित्र्या किंवा लहान चणीच्या कुत्र्यांना या कामात फारसा वाव नसल्याने निवाऱ्यांतील गर्दी यातून हटेल, अशी अपेक्षा बाळगू नये. तरीही पात्र सैनिकाने अर्ज जरूर करावा. मात्र कुत्र्याची रोजची निगा पुढे त्यालाच राखायची आहे, हे घरच्यांशी आधी बोलून घ्यावे.