सुट्टीत पोरींना कुठला ॲनिमेशन सिनेमा दाखवायचा? जुन्या राजकन्या, एरिअल, मोआना, किकी आणि मेरिडा

मे महिन्याच्या सुट्टीत रात्री टेरेसवर पांढरी चादर बांधून प्रोजेक्टरवर पोरांना सिनेमा दाखवायची पद्धत आता कोल्हापुरात राजारामपुरी, कळंबा सगळीकडंच झालीय आणि दरवेळी बायकांच्या ग्रुपवर तोच प्रश्न येतो की पोरींना बघण्यासारखं काय आहे, त्या राजकन्या-बिजकन्या नकोत बाई. म्हणून एकदाच जरा सविस्तर लिहिते, ज्यांना ठरवायचंय त्यांना उपयोग होईल.

पहिल्यांदा एक सांगते, हिरॉईनच्या हातात तलवार दिली म्हणजे सिनेमा बदलला असं मला वाटत नाही. मी बघते ते एवढंच, गोष्ट पुढं सरकते ती कुणाच्या निर्णयानं, आणि घोळ झाला तर निस्तरतं कोण.

या हिशोबानं डिस्नेचे जुने तीन घ्या, १९३७ चा स्नो व्हाइट, १९५० चा सिंड्रेला आणि १९५९ चा स्लीपिंग ब्यूटी. चित्रं इतकी सुंदर आहेत की आजही बघत बसावं, पण स्नो व्हाइट सात बुटक्यांचं घर झाडते, स्वयंपाक करते आणि सफरचंद खाऊन निपचित पडते, स्लीपिंग ब्यूटीतली राजकन्या अरोरा तर स्वतःच्याच सिनेमात अगदी थोडा वेळ दिसते आणि ड्रॅगनशी लढायला राजपुत्र, त्याला शस्त्र द्यायला पऱ्या. सिंड्रेलाच्या बाजूनं मात्र एक बोलायलाच पाहिजे, काचेचा बूट फुटतो तेव्हा ती खिशातनं दुसरा बूट काढून दाखवते, तो क्षण पूर्णपणे तिचा आहे, पण कोंडलेल्या खोलीची किल्ली आणतात ते उंदीरच. आणि ज्या १९३७ मध्ये तिकडं स्नो व्हाइट आला त्याच साली इकडं प्रभातचा कुंकू आला, म्हाताऱ्या बिजवराशी फसवून लग्न लावलं म्हणून ते लग्न मानायलाच नकार देणारी नीरा, शांता आपटेंनी केलेली. प्रभात तोवर पुण्याला गेली होती, पण १९२९ मध्ये सुरू झाली ती आपल्या कोल्हापुरात, त्यामुळं "त्या काळी बायका अशाच दाखवायचे" हे कुणी म्हटलं की मला पटत नाही, दाखवणारे वेगळं दाखवतच होते.

आता खरी तुलना. १९८९ चा द लिटिल मरमेड आणि २०१६ चा मोआना, आणि लक्षात घ्या की दोन्ही सिनेमांचे दिग्दर्शक तेच दोघे आहेत, रॉन क्लेमेंट्स आणि जॉन मस्कर, मध्ये सत्तावीस वर्षं गेली. दोन्हीकडं समुद्र, दोन्हीकडं मुलीला हद्द ओलांडू न देणारा बाप. जलपरी एरिअल बिचारी सुरुवातीला काही कमी नाही, वादळात बुडणाऱ्या राजपुत्र एरिकला तीच वाचवते, माणसांच्या जगाचं कुतूहल तिला राजपुत्र दिसायच्या आधीपासून आहे. पण मग ती पाय मिळवायला आवाज देऊन टाकते आणि सिनेमाचा मोठा भाग मुकी होऊन वावरते, शेवटी समुद्रचेटकिणीला जहाज घालून मारतो एरिक आणि कायमचे पाय देतो बाप. सोळा वर्षांची पोरगी, लगेच लग्न. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला हा दाखवला तर गाणी आवडतीलच, माझी तक्रार एवढीच की घोळ तिनं केला आणि निस्तरला दुसऱ्यांनी.

मोआनाचं कारणच वेगळं. बेटाच्या आसपासचे मासे संपत चाललेत, नारळ सडायला लागलेत, म्हणून ती होडी बाहेर काढते, आणि पाठीशी कोण तर आजी, जी तिला पूर्वजांच्या होड्या लपवलेली गुहा दाखवते. सिनेमात प्रेमप्रकरण अजिबात नाही. आणि तिचंही चुकतं हं, सोबतच्या माउई या अर्धदेवाचं न ऐकता ती हट्टानं होडी पुढं दामटते, त्याच्या जादूच्या गळाला तडा जातो, तो रागावून निघून जातो, आणि देवीचं चोरलेलं जे हिरवं हृदय परत द्यायला ती निघालीय तेच ती समुद्राला परत करून टाकते, म्हणजे हार मानते. मग आजी येते आणि परत जायचं असेल तर मी सोबत आहे म्हणते, ढकलत नाही, आणि मोआना स्वतः पाण्यात उडी मारून ते हृदय वर आणते. माझ्या मते अख्ख्या सिनेमातला सगळ्यात मोठा प्रसंग हाच, क्लायमॅक्सपेक्षाही. पुढं त्या आगीच्या राक्षसिणीला ती मारत नाही, ही तीच देवी आहे जिचं हृदय चोरलंय हे ओळखते आणि शांतपणे चालत तिच्याकडं जाते. आजीबरोबर बसून बघायला यापेक्षा चांगला सिनेमा मला माहीत नाही.

ज्यांना वाटतं की हा बदल काय आत्ता गेल्या दहा वर्षांतलाच आहे त्यांनी एक करा, मरमेडच्याच वर्षीचा, १९८९ चा, मियाझाकींचा जपानी सिनेमा किकीज डिलिव्हरी सर्व्हिस बघा. तेरा वर्षांची चेटकीण, घरातल्या रीतीप्रमाणं एकटी परगावी जाते, बेकरीवाल्या बाईच्या माळ्यावर राहते आणि झाडूवर बसून पार्सलं पोचवायचा धंदा सुरू करते. व्हिलन नाहीच. पावसात भिजून ताप येतो, लोक तुसडं वागतात, आणि एक दिवस उडताच येईना होतं. हे दमणं इतकं खरं दाखवलंय की शिक्षणासाठी बाहेरगावी रूम घेऊन राहिलेल्या पोरींनी तर बघावाच. फक्त गती संथ आहे, मारामारीची सवय असलेली पोरं टेरेसवर चुळबुळ करतील, हा घरी दोघी-तिघींनी बसून बघायचा.

ब्यूटी अँड द बीस्ट (१९९१) आणि मुलान (१९९८) मधले दुवे म्हणून चांगले. बेल पुस्तकं वाचते आणि गॅस्टनला तोंडावर नाही म्हणते, मुलान आजारी बापाच्या जागी सैन्यात जाते, पोरांनाही आवडतो. पण एक आकडा सांगते, कार्मेन फॉट आणि कॅरन आयझेनहॉवर या भाषेच्या दोन अभ्यासकांनी डिस्नेच्या राजकन्यांच्या सिनेमांतले डायलॉग मोजले, तर मुलानमध्ये ७७ टक्के बोलणं पुरुष पात्रांचं निघालं, मरमेडमध्ये ६८ टक्के. आणि फ्रोझनमध्ये, दोन-दोन हिरॉईन असून, तरी ५९ टक्के पुरुषांचंच! त्यामुळं हिरॉईन बदलली तरी तिच्या आजूबाजूची गर्दी लगेच बदलली नाही. फ्रोझन (२०१३) वाईट मुळीच नाही, बहिणीनं बहिणीला वाचवणं आणि गोड बोलणारा राजपुत्र दगाबाज निघणं हे लहान मुलींना लवकर कळलेलं बरंच, पण तो बहुतेक सगळ्यांचा बघून झालाय, म्हणून जास्त लिहीत नाही.

त्याच मोजणीत ब्रेव्ह (२०१२) मध्ये ७४ टक्के डायलॉग बायकांचे, आणि तो मला फ्रोझनपेक्षा कितीतरी जवळचा वाटतो. मेरिडा स्वतःच्या स्वयंवरात स्वतःच धनुष्य घेऊन उतरते, पण सिनेमा लग्नाबद्दल नाहीच, आई-मुलीच्या भांडणाबद्दल आहे. आईला बदलायच्या नादात ती आईची अस्वल करून बसते आणि नंतर आपलं चुकलं हे मान्य करून तीच सावरते, कुणी राजपुत्र येत नाही, शेवटी लग्नही नाही. सिनेमाच्या एक दिग्दर्शिका ब्रेंडा चॅपमननी हे स्वतःच्या मुलीशी असलेल्या नात्यावरनं लिहिलं. पुढं २०१३ मध्ये डिस्ने कंपनीनं मेरिडाचं चित्र बारीक कंबरेचं, नटवं केलं तेव्हा चॅपमननीच जाहीर विरोध केला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण पोरी सिनेमा एकदा बघतात आणि दप्तर, डबा, बाटलीवरचं चित्र वर्षभर बघतात.

मोठ्या मुली असतील, अकरा-बारा वर्षांच्या पुढच्या, तर टर्निंग रेड (२०२२). टोरांटोतली तेरा वर्षांची मेई, भावना अनावर झाल्या की लाल पांडा होते. सॅनिटरी पॅडचा उल्लेख उघडपणे आहे, आईची शाळेपर्यंत येऊन चालणारी लुडबुड आहे, आणि ज्या पांडाला घरातल्या सगळ्या बायकांनी कोंडून ठेवलंय तो मेई ठेवून घेते. काही आयांना हा टेरेसवर सगळ्यांसमोर अवघड वाटेल, मग घरी दाखवा, पण दाखवा.

तर टेरेसवर चार ते बारा वर्षांची पोरं-पोरी आणि आज्या सगळ्या एकत्र असतील तर मोआना, सव्वा-दीड तास धरू नका, पावणेदोन तासांचा आहे, जेवणं आधी उरका आणि हिंदी ऑडिओ लागतोय का ते दुपारीच बघून ठेवा. फक्त एक दिवस अजून मिळत असेल तर दुसऱ्या रात्री ब्रेव्ह, अस्वलांच्या मारामारीला पाच वर्षांखालची घाबरतात, त्यांना मांडीवर घ्यायला कुणीतरी पाहिजे, आणि त्या रात्री आयांनी खाली स्वयंपाकघरात न थांबता वर येऊन बसायचं.