सारखी गॅरेजला जाणारी गाडी: दुरुस्त करायची, बदलायची की विकून मोकळं व्हायचं?

मराठवाड्यात गाडीचा खरा कस मे महिन्यात लागतो. ४२-४३ अंशांचं ऊन, गाडीभर माणसं, एसी चालू आणि समोर मांजरसुंब्याचा घाट. अशा वेळी टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागला की घरातल्या सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न येतो: ही गाडी आता ठेवायची का?

बहुतेक घरांत यावर वर्षभराची बिलं काढून बेरीज केली जाते. तो हिशेब लागतोच, पण त्याआधी बिघाड कोणत्या जातीचा आहे ते पाहा. काही बिघाड सांगून येतात. क्लच प्लेट झिजली तर आधी पिकअप कमी होतो, चढाला इंजिन ओरडतं आणि गाडी ओढत नाही. लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, शॉकअप खडखडतात, ब्रेक पॅड करकरतात. अशी गाडी तुम्हाला गॅरेजला जायला वेळ देते. दुसऱ्या जातीचे बिघाड वाटेत उभं करतात: हीटिंग (इंजिन जास्त तापणं), फ्युएल पंप, सेन्सर, अल्टरनेटर, उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग. बिल दोन्हीकडे आठ हजारच आलं तरी त्या दोन गाड्या सारख्या नसतात. पहिली पैसे खाते, दुसरी भरवसा खाते. ऊसतोडीच्या हंगामात रात्री माजलगावकडच्या रस्त्यावर, मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या असताना, गाडी बंद पडणं ही पैशांची बाब राहत नाही.

म्हणून माझं मत आधीच सांगतो. पहिल्या जातीची गाडी शक्यतो ठेवा. दुसऱ्या जातीची गाडी एकदा नीट तपासून घ्या, आणि तरी मूळ सापडलं नाही तर सोडा.

ठेवायची असेल तर

एकच बिघाड तिसऱ्यांदा आला, तर बदललेला पार्ट हे त्याचं मूळ नव्हतं असं समजायला हरकत नाही. आपल्याकडे हीटिंगच्या बाबतीत हे सर्रास होतं. पहिल्यांदा मिस्त्री पाणी भरून देतो, मग रेडिएटरचं झाकण बदलतो, मग फॅन, मग रिले. कशानेही दोन-चार आठवडे बरं वाटतं. खरं कारण बऱ्याचदा पाण्यातच असतं. वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी पडलेलं असतं. आपल्या भागातल्या खोल बोअरचं पाणी जड, क्षारांचं. ते तापलं की आतल्या बारीक नळ्यांत थर धरतं. हिवाळ्यात गाडी निभावून नेते आणि उन्हाळ्यात उकळते. उपाय म्हणजे रेडिएटर उघडून साफ करणं किंवा बदलणं, आणि पुढे फक्त कूलंट व डिस्टिल्ड वॉटर. गाडीच्या पुस्तकात प्रमाण दिलेलं असतं. कूलंटमुळे पाण्याचा उकळबिंदू वाढतो आणि आतून गंजही धरत नाही. पण ते कायमचं नसतं, ठरावीक मुदतीला बदलावं लागतं.

एक गोष्ट इथे मुद्दाम विचारा: थर्मोस्टॅट जागेवर आहे का? ‘आपल्या उन्हात कशाला लागतो’ म्हणून तो काढून टाकायची पद्धत आहे. थर्मोस्टॅट इंजिनला चटकन योग्य तापमानावर आणतो, साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो आणि मग पाणी रेडिएटरकडे सोडतो. तो काढला की इंजिन थंडच चालतं, इंधन जास्त खातं, झीज वाढते. आणि ज्या रोगासाठी तो काढला तो रोग तसाच आत राहतो.

गाडी एकदा जरी जोरात उकळली असेल तर हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) तपासल्याशिवाय पुढचा रुपया घालू नका. इंजिन चालू असताना टाकीच्या पाण्यात सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, बाहेर कुठेही गळती नसताना पाणी कमी होणं, ही त्याची लक्षणं. हेड काढून फेस मारून घेणं, म्हणजे त्याचा पृष्ठभाग मशीनवर सपाट करून घेणं, हे मोठं काम आहे, आणि ते निघालं तर निर्णयाचा सगळा हिशेब बदलतो. (तापलेल्या रेडिएटरचं झाकण रस्त्यात उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, हात-तोंड भाजतं. इंजिन पूर्ण निवू द्या.)

ठेवण्याच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा म्हणजे सुट्या भागांची उपलब्धता. मारुतीने एप्रिल २०२० पासून, म्हणजे बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाले तेव्हापासून, डिझेल गाड्या बंद केल्या. पण त्या गाड्यांतलं फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन त्याआधी कितीतरी वर्षं वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत चाललं. त्याचा पार्ट तालुक्याच्या गावात मिळतो आणि ते खोललेला मिस्त्रीही मिळतो. याउलट शेव्हरोलेची भारतातली विक्री २०१७ च्या अखेरीस थांबली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्या गाड्या चालवायला दणकट असतील, पण हिंगोली किंवा धाराशिवला राहणाऱ्याला पार्ट पुण्याहून मागवावा लागतो आणि तोवर गाडी मिस्त्रीच्या दारात उभी राहते. कामाच्या घरी ही उभी राहिलेली गाडी जास्त महाग पडते.

तर ठेवायची असेल तर एक दिवस पूर्ण तपासणीला द्या आणि तपासणीचे वेगळे पैसे द्यायला मागेपुढे पाहू नका. साधारण २०१३ नंतरच्या गाडीला स्कॅनर लागतो. एरर कोड कागदावर लिहून घ्या. कामांची यादी मिस्त्रीकडून लिहून घ्या: तातडीची, सहा महिन्यांतली, नंतरची. इंजिन आणि गिअरबॉक्स ठीकठाक असतील आणि तातडीच्या कामांचा खर्च गाडीच्या चालू भावाच्या एक तृतीयांशाच्या आत बसत असेल, तर मी गाडी ठेवीन.

बदलून दुसरी जुनी घ्यायची असेल तर

आपल्या गाडीचे रोग आपल्याला ठाऊक असतात. नव्याने आणलेल्या जुन्या गाडीचे रोग तिच्या आधीच्या मालकाला ठाऊक असतात. चिडून केलेल्या अदलाबदलीत लोक नेमके इथे फसतात, म्हणून भाव ठरवायच्या आधी गाडीचा इतिहास काढा.

अनोळखी देखण्या गाडीपेक्षा ओळखीतल्या शिक्षकाची, बँकेतल्या माणसाची, तुमच्या मिस्त्रीनेच इतकी वर्षं सर्व्हिस केलेली गाडी चार पैसे जास्त देऊन घ्या. ती मिळत नसेल तर निदान हे पाहा: कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर सांगून किती किलोमीटरला कोणतं काम झालं ते जुळवा, कारण मीटर मागे फिरवलेल्या गाड्या बाजारात आहेत. गाडी सकाळी, बोनेटला हात लावून थंड असल्याची खात्री करून, स्वतः सुरू करा. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलेली गाडी पाहू नका. चाचणी दुपारी घ्या, एसी लावून, गाडीभर माणसं बसवून, घाटाला. कॉलनीतल्या एका चकरेवरून आपल्या उन्हाचा आणि चढाचा काहीच अंदाज येत नाही.

दिल्लीकडच्या स्वस्त डिझेल गाड्यांचा मोह अनेकांना पडतो. तिथे १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आले म्हणून त्या स्वस्तात बाहेर पडल्या. पण तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स, नव्याने नोंदणी हे सगळं धरलं की स्वस्ताई बरीच वितळते. आणि नंबर एमएच-२३ किंवा २४ चा झाला म्हणून गाडीचा आधीचा इतिहास आपल्याला कळत नाही.

बीएस-६ डिझेलबद्दल वेगळं सांगायला हवं. या गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ती काजळी जळून जायला गाडी अधूनमधून सलग, चांगल्या वेगाने चालावी लागते. ज्याचा रोजचा फेरा घर, शेत, मार्केट यार्ड एवढाच आहे त्याच्याकडे हा फिल्टर तुंबतो आणि दिवा लागतो. अशा घरी पेट्रोलच बरं. नांदेड-संभाजीनगर असा लांब पल्ला वरचेवर असेल तर डिझेलला अर्थ आहे.

पेट्रोल घेतानाही एक पाहा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. एप्रिल २०२३ च्या आधी बनलेल्या बऱ्याच गाड्या या मिश्रणासाठी बनवलेल्या नव्हत्या, तेव्हा त्यांचे इंधनाचे रबरी पाइप आणि सील मिस्त्रीला दाखवून घ्या.

पैशाचं वेळापत्रक

नवी छोटी गाडी हा तिसरा पर्याय. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे हा पर्याय पूर्वीइतका लांबचा नाही. भरवशाच्या दृष्टीने तोच सगळ्यात वरचा आहे, यात वाद नाही. अडचण हप्त्याची आहे. पाच लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर महिन्याला सुमारे १०,५०० रुपये, म्हणजे वर्षाला सव्वा लाखाच्या वर. जुनी गाडी वर्षाला चाळीस हजार खाते म्हणून रागावणाऱ्याने हा आकडा शेजारी लिहून पाहावा.

पगारदार घराला ते जमतं. पण ज्याचं घर सोयाबीन, कापूस आणि तुरीवर चालतं त्याच्या हातात पैसा वर्षातून एक-दोनदाच येतो, आणि हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला कापला जातो. पाऊस हुकलेल्या वर्षी तर हा मेळ अजिबात बसत नाही. अशा घराला मी नव्या गाडीचा आग्रह करणार नाही. सुगीचे पैसे आले की आहे त्या गाडीचं मोठं काम एकदाच उरकून घेणं त्यांना सोयीचं पडतं.

एका घराला मात्र मी वेगळं सांगेन. घरात किडनीचा किंवा हृदयाचा रुग्ण असेल, महिन्यातून दोनदा अंबाजोगाईला किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जावं लागत असेल, तर वाटेत उभी राहणारी गाडी ठेवू नका, दुरुस्ती कितीही स्वस्त असो.

आणि त्या घराला गाडीच हवी असंही नाही. समजा जाऊन-येऊन २६० किलोमीटर, भाड्याच्या गाडीचा रोजचा किमान पल्ला ३०० किलोमीटर आणि दर १३ रुपये. एका फेरीचे ३,९०० झाले. महिन्याला दोन फेऱ्या धरल्या तर वर्षाचे ९३,६००. त्यात ना विमा, ना टायर, ना बॅटरी. तुमच्या गावचा दर घालून पाहा. बाकीच्या प्रवासाला एसटी आहे: ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट, आणि महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं. म्हातारे आई-वडील आणि बायको-मुलगी असं घर असेल तर हा फरक लहान नाही. उणीव एकच: रात्री अडीच वाजता छातीत दुखायला लागलं तर दारात गाडी नसते. म्हणून गल्लीतल्या दोन गाडीवाल्यांशी आधीच बोलून ठेवायचं आणि रुग्णवाहिकेचा १०८ नंबर घरातल्या सगळ्यांना पाठ हवा.

गाडी अजून वॉरंटीत असेल तर

मग वरचं काहीच घाईने करू नका. प्रत्येक वेळी जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, ‘जनरल चेकअप’ असं लिहू देऊ नका. तोच दोष परत आल्याचा पुरावा या कागदांतूनच उभा राहतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, पुण्या-मुंबईला जावं लागत नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. सुरुवातीला १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा.

१५ वर्षांची रेषा आणि विकण्याचे कागद

गाडी १५ वर्षांच्या जवळ आली असेल तर दुरुस्तीच्या हिशेबात पुन्हा पासिंगचा (नोंदणी नूतनीकरणाचा) खर्चही धरा. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली, शिवाय पर्यावरण कर, आणि फिटनेससाठी लाइट, ब्रेक, धूर हे सगळं नीट करून घ्यावं लागतं. नूतनीकरण पाच वर्षांसाठी मिळतं. इंजिन चांगलं असेल तर तेवढ्यासाठी हा खर्च करण्यासारखा आहे. नसेल तर पासिंग संपायच्या आत विका, कारण नंतर गिऱ्हाईक भाव पाडूनच मागतं. अगदीच थकलेली गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या. तिथे मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या वाहन करात सवलत मिळते. गल्लीतल्या भंगारवाल्याकडून ते मिळत नाही.

विकताना मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून ‘नाव तुम्ही करून घ्या’ म्हणत गाडी देऊ नका. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं आहे. आरसीवर नवं नाव आलेलं स्वतः ऑनलाइन पाहा. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, नाहीतर टोल तुमच्या खात्यातून कापला जाईल. आणि विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घ्या. तो बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो, ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो आणि पुढच्या गाडीच्या विम्यात वापरता येतो.