आईची जमीन, आईचे पैसे: मृत्युपत्र, बक्षीसपत्र की वाटणीपत्र?

कोणता कागद करायचा हे ठरवण्याआधी ताजा सातबारा काढा आणि त्यावर कोणाकोणाची नावं लागली आहेत ते बघा. 'माझी चार एकर आहे, ती तिघांना वाटायची' असं म्हणणाऱ्या पुष्कळ आयांची चार एकर त्यांची एकटीची नसतेच. नवरा मृत्युपत्र न करता गेला, मागे दोन मुलगे आणि एक मुलगी राहिली, सासू हयात नव्हती, तर त्याच्या स्वकष्टार्जित जमिनीचे चार सारखे हिस्से पडतात आणि आईच्या वाट्याला एकच एकर येते. जमीन वडिलोपार्जित असली, तर आधी नवरा, बायको आणि तीन मुलं असे पाच वाटे कल्पायचे, मग नवऱ्याचा पाचवा हिस्सा चौघांत वाटायचा. लेकीला २००५ च्या कायदा-दुरुस्तीने मिळालेला मुलाइतकाच हक्क धरून हे गणित फिरूनफिरून पुन्हा चौथाईवरच येतं. उरलेल्या तीन एकरांबद्दल आईने मृत्युपत्रात काहीही लिहिलं तरी ते लागू होत नाही. स्वतः विकत घेतलेली किंवा माहेरच्या वाटणीत आलेली जमीन मात्र १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे पूर्णपणे तिची.

आता पर्याय. पहिला, काहीच न करणं. बहुतेक घरांत नकळत हाच निवडला जातो. विधवा आई मृत्युपत्र न करता गेली, तर मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो. एखादं मूल आधी गेलं असेल तर त्याची मुलं त्या वाट्यावर येतात. ऐकायला न्याय्य आहे. पण मुलगा आधी वारला असेल, त्याला मूल नसेल आणि त्याची बायको सासूजवळ राहून तिचं सगळं करत असेल, तर त्या सुनेला सासूच्या मिळकतीत काही मिळत नाही. सासऱ्याच्या मिळकतीत ती पहिल्या वर्गाची वारस असते, सासूच्या मिळकतीत मुलं-नातवंडं असेपर्यंत तिचा नंबरच लागत नाही. अशी सून घरात असेल तर मृत्युपत्र आजच करा.

मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र यांच्यात खरी निवड असते, आणि तलाठी कार्यालयाबाहेरचा सल्ला हमखास बक्षीसपत्राकडे झुकतो. कारण उघड आहे. राहतं घर किंवा शेतजमीन मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा विधवा सून यांना बक्षीस दिली, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये. स्थानिक संस्थेचा अधिभार वेगळा. (मुलगा हयात असताना त्याच्या बायकोच्या नावे करायचं म्हटलं तर ही सवलत नाही.) दस्त झाला की फेरफार होतो, नाव लागतं, पुढे कोणी हरकत घेतली तरी आई स्वतः सांगायला हयात असते. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. पण आई गेल्यावर ते घेऊन जावं लागतं, सगळ्या वारसांना नोटीस निघते, आणि एका भावाने हरकत घेतली की नोंद तक्रारी होते, म्हणजे वादात अडकते. सोय बघितली तर बक्षीसपत्रच सरस.

तरीही ज्या जमिनीवर आणि ज्या घरात आईचं पोट आणि पाठ टेकलेली आहे, ती बक्षीस देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं, शेवटचं खरं. बक्षीसपत्र नोंदलं आणि मुलाने स्वीकारलं की मन बदललं एवढ्या कारणाने ते मागे घेता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे: सांभाळण्याच्या अटीवर दिलं आणि सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण तो दस्त रद्द ठरवू शकतं. पण अट होती हे दाखवावं लागतं. मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या एका आईने मुलाला बक्षीसपत्र करून दिलं होतं. सांभाळण्याचं वचनपत्र मुलाने वेगळं लिहून दिल्याचं तिचं म्हणणं होतं. उच्च न्यायालयात ती हरली, सर्वोच्च न्यायालयात जानेवारी २०२५ मध्ये जिंकली. कोर्टाची एवढी पायरी चढायची ताकद किती जणींत असते?

द्यायचंच असेल तर दस्तातच लिहा की सांभाळ ही अट आहे आणि हयातभर वहिवाट व उत्पन्न माझं राहील. असं हयातीचं उत्पन्न राखून दिलेलं बक्षीस वैध असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं आहे. दस्तलेखकाच्या ठरीव मसुद्यात हे वाक्य बहुधा नसतं, ते आपण घालून घ्यायचं.

तिसरा मार्ग वाटणीपत्राचा, आणि सातबारा सामाईक असेल तर तो टाळता येत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे सगळ्यांच्या संमतीने वाटप करून घेता येतं. आई हयात असताना हे झालं तर कोणता गट कोणाचा, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या कशा, वरच्या वावरात जायची वाट कोणत्या बांधावरून, हे तिच्या शब्दाने मिटतं. भावांची भांडणं एकरांवरून कमी आणि या वाटेवरून, मोटारीच्या वीजजोडणीवरून जास्त होतात. अडचण एकच: जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे या प्रमाणभूत क्षेत्राच्या खाली तुकडा पाडायला तुकडेबंदी आड येते. वाटणीत स्वतःचा हिस्सा मात्र आईने वेगळा काढून घ्यावा. 'मला काय करायचंय आता' म्हणून सोडू नये. मग त्या हिश्शाचं मृत्युपत्र.

हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडून दिल्याचा कागद, हा पर्याय मी तुलनेत धरतच नाही. साडी-चोळी करून बहिणीची सही घेतात ती यावर. लेक मनापासून सोडत असेल तर तिची मर्जी. पण आईने एक गोष्ट तिच्या कानावर घालावी: महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला साधारणपणे मुळात शेतकरी असावं लागतं. शहरात राहणाऱ्या लेकीचं दुसऱ्या कुठल्याच सातबाऱ्यावर नाव नसेल, तर आईकडचे वीस गुंठे तिला किमतीपेक्षा जास्त काही देतात. म्हणून 'मुलांना जमीन, मुलीला पैसे' ही वाटणी आकड्यात सारखी दिसली तरी सारखी नसते.

पैशाचं म्हणाल तर ते हयातीत द्यायला सोपे आणि मृत्युपत्रात लिहायला अवघड. 'अमुक बँकेतली ठेव मुलीला' असं लिहिलं आणि दवाखान्यासाठी ती ठेव मोडली, तर मुलीच्या हाती काही येत नाही, भावांची जमीन तशीच राहते. त्यामुळे जमीन गट क्रमांक आणि चतुःसीमा देऊन लिहा, पैसे टक्क्यांत लिहा. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी ठेवता येतात, ठेवींवर टक्केवारीसुद्धा घालता येते. पण नॉमिनीला पैसे मिळतात ते सांभाळायला. मालक वारस किंवा मृत्युपत्रातली व्यक्तीच. नॉमिनेशन आणि मृत्युपत्र यांत वेगवेगळी नावं ठेवली की भांडण आपणच लावून दिलं.

गोव्यातल्या आईला यातलं बरंच लागू नाही. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नियमांनुसार नवरा-बायकोची मिळकत बहुधा सामाईक, म्हणजे अर्धी आईची. आणि त्या अर्ध्यातलाही निम्मा भाग मुलांसाठी राखीव. उरलेल्यापुरतंच मृत्युपत्र चालतं. २०१९ च्या निकालाप्रमाणे गोवेकराच्या गोव्याबाहेरच्या मिळकतीलाही हेच नियम लागतात, तेव्हा मुंबईतला फ्लॅट त्यातून सुटत नाही.

मुलं एकमेकांशी बोलत असतील तर आधी वाटणी, मग आईच्या हिश्शाचं नोंदणीकृत मृत्युपत्र, असा क्रम मी सुचवेन. बोलत नसतील तर थेट मृत्युपत्र, तेही कोणाला न दाखवता. जिल्हा निबंधकाकडे ते मोहोरबंद पाकिटात ठेवता येतं. एखाद्याला कमी देत असाल तर का, ते दोन ओळींत त्यातच लिहा. दोन साक्षीदार हवेत. ते तुमच्यापेक्षा तरुण असावेत आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांच्यापैकी नसावेत. त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखलाही जोडा. पुढे हरकत आली तर पहिला प्रश्न 'आई शुद्धीत होती का' हाच निघतो.