क्रुगर: स्वतः गाडी चालवत जंगल बघायचं तर

ताडोबाची सवय असलेला माणूस दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर नॅशनल पार्कमध्ये पहिल्या दिवशी जरा बावचळतो. ना जिप्सीची सक्ती, ना गाइडची. सुमारे १९,५०० चौरस किलोमीटरचं जंगल, आत डांबरी रस्ते आणि मुक्कामाच्या मोठ्या कॅम्पांत पेट्रोल पंपसुद्धा. भाड्याची साधी सेडान चालते, पण उंच गाडी घेतलेली बरी, गवतापलीकडचं दिसतं. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून.

गणित चुकतं ते अंतराचं. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५०, कच्च्यावर ४०. स्कुकुझा ते सतारा या दोन कॅम्पांतलं अंतर जेमतेम ९०-९५ किलोमीटर, पण थांबत गेलं की अर्धा दिवस जातो. जून-जुलैत पार्कची आणि कॅम्पची फाटकं संध्याकाळी साडेपाचला बंद होतात आणि उशिराला दंड आहे. त्यामुळे चार दिवसांत दोनच कॅम्प घ्यावेत: लोअर साबी आणि सतारा. लोअर साबीला लागूनच सनसेट डॅम आहे. पाणघोडे आणि मगरी गाडीत बसल्या बसल्या दिसतात. तिथे तासभर इंजिन बंद करून बसणं वीस किलोमीटर भटकण्यापेक्षा फायद्याचं. सिंहांसाठी साताऱ्याच्या (आपला नव्हे!) पूर्वेचा एस-१०० हा कच्चा रस्ता, फाटक उघडताक्षणी.

हत्ती मात्र जपून. डोळा आणि कान यांच्या मधून काळपट ओघळ येतोय, मागचे पाय लघवीने ओले आहेत, म्हणजे नर माजावर आहे. इंजिन चालू ठेवा, लांबूनच रिव्हर्स घ्या. मागे गाड्यांची रांग लागू देऊ नका, माघारीची वाट तिथेच बंद होते.

जेवणाची बाजू लंगडी. कॅम्पमधल्या रेस्टॉरंटात शाकाहाऱ्यांचे हाल होतात. स्वयंपाकघर असलेली खोली घेऊन खिचडी टाकावी. बुकिंग करताना भांडी आहेत ना, ते वाचा. व्हरांड्यातल्या फ्रिजची जाळी लावायला विसरलात तर माकडं अंडी-ब्रेड पळवतात. चार्जरसाठी तीन जाड गोल पिनांचा प्लग लागतो, आपल्याकडे गीझरला असतो तोच.

मे ते सप्टेंबर, म्हणजे तिथला कोरडा हिवाळा, उत्तम: गवत विरळ, प्राणी पाणवठ्यावर, डासही कमी. तरी मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचाराच. पार्कच्या पहाटेच्या उघड्या सफारी ट्रकमधून गेलात तर जुलैत कानटोपी हवीच. विमान नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे असेल तर यलो फीव्हरच्या लसीचे नियम तिकीट काढण्याआधी तपासा. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते.