दारातली कण्हेर, तोळ्याला ३,२०० रुपये

रस्त्यात भेटून ‘माझ्या आईचे गुडघे याच वैद्यांनी बरे केले’ म्हणणारा गृहस्थ, त्याने दाखवलेला वैद्य आणि वैद्याने दाखवलेले दुकान ही साखळी मी वर्तमानपत्रांत अनेकदा वाचली होती. तरीही सारी हयात हिशेब तपासण्यात घालवलेला मी एकसष्टाव्या वर्षी तिच्यात अडकलो. तपासणीचे ५०० आणि ‘शुद्ध करवीरमूळ’ या चूर्णाच्या १२ तोळ्यांचे ३८,४०० रुपये मी रोख मोजले.

करवीर म्हणजे कण्हेर, हे मला ठाऊक होते. ‘ही विषारी ना?’ असे मी विचारलेही. ‘काका, शोधन केलेली आहे,’ असे दुकानदार हसून म्हणाला आणि मी गप्प बसलो. तिथेच उठायला हवे होते! लहानपणी देवासाठी कण्हेरीची फुले तोडली की हात धुतल्याशिवाय आई पानावर बसू देत नसे. महामार्गाच्या दुभाजकावर ती लावतात, कारण गुरे तिला तोंड लावत नाहीत. पण शोधन, म्हणजे विषारी द्रव्य शुद्ध करणे, हा शब्द खोटा नव्हता. आयुर्वेद करवीराला उपविष, म्हणजे दुय्यम विष, मानतो, ते गाईच्या दुधात शुद्ध करतो आणि मुख्यतः त्वचारोगांवर तेला-लेपातून बाहेरून वापरतो. गुडघे ठणकत असताना पोटात घेणे आणि वर लावणे यातला फरक कोणाला सुचतो?

तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि नाडी ४४ वर आली. कण्हेरीतले ओलिअँड्रिन हे विष हृदयाची लय बिघडवते आणि ते वाळवून किंवा उकळून जात नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. रुग्णालयाचे बिल २१,६५० रुपये झाले, एकूण ६०,५५०.

पोलीस ठाण्यात ‘पैसे तुम्हीच दिलेत ना?’ असा प्रश्न आला. संबंधित सरकारी कार्यालयाने पक्की पावती मागितली. माझ्या चिठ्ठीवर फक्त ‘जडीबुटी’ लिहिलेले. करवीर औषध नियमांच्या ई-१ अनुसूचीत, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, आहे, वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याचा इशारा वेष्टनावर छापावा लागतो, हे तिथल्या साहेबांना मीच सांगितले, तेव्हा त्यांनी मला दुसऱ्या मजल्यावर पाठवले आणि दुसऱ्या मजल्याने पुन्हा पोलिसांकडे. सुटे, बिनलेबलचे चूर्ण घेऊ नका. घेतलेच असेल तर फेकू नका, डॉक्टरांना दाखवा.

माझे उरलेले साडेअकरा तोळे कपाटात कुलूपबंद आहेत. नमुना न्यायला अद्याप कोणी आलेले नाही.