पाणी गळत होतं, पण त्याने दाखवलं तिथून नाही

आमच्या अंगणात पोहण्याचा छोटा तलाव आहे. जमिनीत बांधलेला, आठ मीटर लांब, चार मीटर रुंद. (पूल म्हटलं की लोक नदीवरचा समजतात, म्हणून घरात आम्ही तलावच म्हणतो.) त्याचं पाणी रोज बोटभर खाली जायला लागलं. सुरुवातीला ऊन आहे, वारा आहे, वाफ होत असेल म्हणून सोडून दिलं. मग दर दोन दिवसांनी नळी लावून भरायची वेळ आली. क्लोरीनही टिकेना, कारण औषध घातलेलं पाणी बाहेर जात होतं आणि कोरं पाणी आत येत होतं. तेव्हा एका 'गळती तज्ज्ञा'ला बोलावलं.

माणूस बोलायला अतिशय गोड. कानाला हेडफोन, हातात दांड्याचं यंत्र, गळ्यात ओळखपत्र. यंत्र जमिनीवर टेकवत त्याने तलावाभोवती एक फेरी मारली आणि पाच मिनिटांत निकाल दिला, "ताई, मेन ड्रेनचा पाइप तळाखाली फुटलाय." मी म्हटलं, कशावरून? तो हसला. "माझ्यावर विश्वास नका ठेवू. स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

मी फसले ती इथे. त्याने नुसतं तोंडाने सांगितलं असतं तर मी आणखी दोघांना विचारलं असतं. पण त्याने दाखवलं.

पहिला प्रयोग रंगाचा. पिचकारीतून लाल रंगाचा एक धागा त्याने तळाच्या जाळीजवळ, म्हणजे मेन ड्रेनच्या तोंडाशी सोडला. तो धागा क्षणभर तरंगला, मग वाकला आणि सरळ जाळीत शिरला. काठावर वाकून बघताना माझ्या अंगावर काटा आला. केवढं पाणी आत ओढलं जातंय! आता लिहिताना स्वतःचीच कीव येते. पंप चालू होता. मेन ड्रेनचं कामच मुळी पाणी ओढून पंपाकडे न्यायचं. तिथे रंग सोडा नाहीतर पान टाका, ते आत जाणारच. रंगाची चाचणी पंप बंद करून, पाणी पूर्ण संथ झाल्यावर करायची असते. स्किमरचा (काठाला असलेली, वरवरचं पाणी आणि कचरा ओढणारी खिडकी) प्लास्टिकचा सांगाडा आणि काँक्रीट यांच्या सांध्यापाशी, दिव्यामागून वायर जाते त्या नळीपाशी, एखाद्या भेगेपाशी हलकेच रंग सोडायचा. अशा निवांत पाण्यातही तो आत खेचला गेला, तरच ती गळती.

दुसरा प्रयोग दाबाचा. त्याने जाळीखालच्या पाइपाच्या तोंडाला रबरी बूच लावलं, पंपाच्या बाजूने हवा भरली आणि गेज माझ्यासमोर धरलं. काटा २० वर. "आता बघत राहा." काटा माझ्या डोळ्यांदेखत घसरत १२ वर आला, आणि तलावाच्या मधोमध जाळीतून बुडबुड्यांची माळ वर आली. "बघितलंत? फुटलाय म्हणूनच बुडबुडे." मी मान डोलावली. पाइप जमिनीत फुटला असता तर हवा मातीत गेली असती, ती बरोबर जाळीतूनच कशाला वर येईल? जाळीतून बुडबुडे आले याचा अर्थ बूच नीट बसलेलं नव्हतं. चुकून सैल राहिलं की मुद्दाम ठेवलं, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण पुढे त्याने जे केलं, त्यानंतर मला शंका राहिलेली नाही.

निम्मी रक्कम आगाऊ गेली. तलाव पूर्ण रिकामा झाला. हे तर त्याहून भयंकर होतं, पण मला कळलं खूप नंतर. जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर असेल तर रिकामा तलाव होडीसारखा खालून उचलला जातो, तळाला तडे जातात. त्याने त्याची काही चौकशी केली नव्हती. आमचं नशीब, काही झालं नाही. ब्रेकर लावून मेन ड्रेनभोवतीचा तळ फोडला, काहीतरी काळं भरलं, वर नव्या टाइल बसवल्या. दोन दिवसांनी तलाव पुन्हा भरला. "आठ दिवस पातळीवर खूण करून ठेवा. हलली नाही तरच उरलेले पैसे द्या." इतका सरळ माणूस! आठ दिवस पाणी खुणेवरून तसूभर हललं नाही. मी पैसे दिले, वर आभारही मानले.

नवव्या की दहाव्या रात्री झोप येत नव्हती म्हणून अंगणात आले, तर झुडपांमागे बारीक सुर्रर आवाज. आमच्या तलावाला कोपऱ्यात बॉलकॉकची चौकट आहे, पातळी उतरली की आपोआप पाणी सोडणारी. आम्ही नळीने भरतो म्हणून तिचा कॉक कायम बंद असायचा. तो पूर्ण उघडा होता. जेवढं गळत होतं, तेवढं रात्रंदिवस गुपचूप भरलं जात होतं. मी कॉक बंद केला. दुसऱ्या दिवशी पाणी बोटभर खाली.

मग ओळखीतले एक जुने प्लंबर काका आले. त्यांनी यंत्र आणलं नव्हतं, बादली मागितली. तलावाच्या पायरीवर बादली ठेवून आतलं पाणी बाहेरच्या पातळीइतकं भरलं. आत एक खूण, बाहेर एक खूण. दोन्हीकडे ऊनवारा सारखाच, म्हणजे वाफ सारखीच व्हायला हवी. पहिले चोवीस तास पंप चालू ठेवला: बादली ५ मिलिमीटर उतरली, तलाव २१. फरक १६. आमच्या तलावात १ मिलिमीटर म्हणजे ३२ लिटर, तेव्हा दिवसाला पाचशेवर लिटर. पुढचे चोवीस तास पंप बंद: बादली ५, तलावही ५.

काका म्हणाले, "तळ फुटला असता तर पंप बंद केल्याने गळणं थांबलं असतं होय? पंप चालला की जातंय, म्हणजे पंपाच्या पुढे कुठेतरी जातंय." ते सरळ कुंपणाकडे गेले. बॅकवॉशचं, म्हणजे फिल्टर उलट्या दिशेने धुतल्याचं घाण पाणी जिथे पडतं, त्या चेंबरचं झाकण उचललं. फिल्टर नेहमीच्या चालीवर असताना तो पाइप कोरडा हवा. आमच्याकडे त्यातून दाभणाइतकी धार पडत होती, काचेसारखी स्वच्छ. पंप बंद केला, थोड्या वेळाने धार तुटली.

फिल्टरवरचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह उघडला, म्हणजे दांडा फिरवून पाण्याची वाट बदलायची ती झडप. आत चाकाच्या आऱ्यांसारखं रबरी गॅस्केट असतं. त्यातला एक आरा खाचेतून निसटून पिळलेला, खाली वाळूचे कण. पंप चालू असताना दांडा फिरवला की असं होतं, असं काका म्हणाले, आणि मी गप्प बसले, कारण तो उद्योग माझाच. गॅस्केट बदलायला तासभरही लागला नाही. खर्च सांगायला लाज वाटावी इतका कमी.

म्हणून, तुमच्याकडे असा कोणी आला तर त्याच्या आधी बादली ठेवा, पंप चालू आणि बंद दोन्ही वेळा, आणि बॉलकॉक बंद करून. रंग सोडताना पंपाचा आवाज येतोय का ऐका. गेज घसरलं तर बूच काढून पुन्हा लावायला सांगा, आणि तुमच्यासमोर दुसऱ्या पाइपचीही तशीच चाचणी करायला लावा. तळ फोडायची भाषा करणाऱ्याला आधी जमिनीतल्या पाण्याचं विचारा. काम झाल्यावर पातळी बघण्याआधी घरातले सगळे कॉक स्वतः फिरून बघा. पाण्याचा मीटरही बघा. माझ्या मीटरने आठही दिवस खरं सांगितलं होतं, मीच वाचला नाही.

त्याला फोन केला. अजिबात चिडला नाही. "ताई, मी दाखवली ती गळती मी बंद केली. ही दुसरी असणार. हमीपत्र बघा ना." ड्रॉवरमधून कागद काढला. एक वर्षाची हमी, सहीशिक्क्यासह, फक्त मेन ड्रेनपुरती. हमी अगदी खरी ठरली. तिथून आजवर एक थेंब गळलेला नाही.